अठराव्या वर्षानंतर घराच्या कोपऱ्यात का?



बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल लहान असतं तोवर लोक विचारपूस करतात. शाळेत घातलं का, औषध सुरू आहे का? विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षी संपते आणि विचारपूसही थांबते. मग आई कापूस वेचायला जाते, बाप हमालीला, आणि पंचविशीतला लेक बाहेरून कडी लावलेल्या खोलीत दिवस काढतो. जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांमध्ये आधी परिचारिका म्हणून आणि पुढे कार्यकर्ती म्हणून फिरताना हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. आईबापाचा दोष नाही. त्या लेकाला जायला जागाच नाही. ती जागा आपण देऊ शकतो, कारण विहार वस्तीतच आहे.

घरी डांबल्याने वजन वाढतं, झोप बिघडते, बोलणं आटतं, चिडचिड वाढते. शेजारी म्हणतात, ‘डोकं फिरलं.’ बौद्धिक अपंगत्व म्हणजे वेड नव्हे. ते गोळीने जात नाही आणि चित्रं काढूनही जाणार नाही. पण ठरल्या वेळी आंघोळ करून, चार माणसांत बसून हाताने काही घडवलं की दिवसाला आकार येतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. बोलता न येणारा माणूस अचानक चिडू लागला, तर आधी दात, कान, पोट दुखतंय का ते तपासून घ्या.

अमेरिकेतल्या ज्युडिथ स्कॉट यांना डाऊन सिंड्रोम होता आणि ऐकूही येत नव्हतं. सातव्या वर्षापासून पस्तीसहून अधिक वर्षं त्या संस्थांमध्ये बंद होत्या. जुळ्या बहिणीने त्यांना घरी आणलं आणि १९८७ मध्ये ओकलंडच्या ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ या कलाघरात नेलं. जवळपास दोन वर्षं त्यांनी कशातच रस दाखवला नाही. तरी कुणी त्यांना घरी पाठवलं नाही. एक दिवस त्यांनी काड्यांना धागा गुंडाळायला सुरुवात केली. त्या धाग्यांची शिल्पं आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. ते कलाघर १९७४ साली एका जोडप्याच्या घरच्या गॅरेजमध्ये सुरू झालं होतं.

आपल्याकडेही वाट पडलेली आहे. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी सुरू केली, तिथे शाळेसोबत मोठ्यांची कार्यशाळाही उभी राहिली. मुंबईच्या ओम क्रिएशन्समध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या स्त्रिया रंगकाम करतात. पण खेड्यातल्या किंवा झोपडपट्टीतल्या आईला नाशिक-मुंबई परवडत नाही. तिला चालत जाता येईल अशी जागा हवी.

चुल्लपंथकाची कथा आपण वर्षावासात ऐकतो. चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही म्हणून थोरल्या भावाने त्याला संघातून निघून जायला सांगितलं. भगवंतांनी त्याला घालवलं नाही. हातात पांढरं फडकं दिलं आणि ते चोळत राहायला सांगितलं. जे पाठांतराने समजलं नाही, ते हाताने समजलं. ही कथा सांगणाऱ्या विहाराने अशा माणसाला दार बंद ठेवावं का?

सुरुवात आठवड्यातल्या दोन दुपारींनी करा. माती, खडू, जुन्या साड्यांच्या चिंध्या, केळीच्या खोडाचा धागा एवढं पुरे. काय करायचं ते त्यालाच ठरवू द्या, हात धरून फूल काढून घेऊ नका. वस्तूवर त्याचं नाव लिहा आणि ती विकली तर पैसे त्याच्याच खात्यात भरा. दया म्हणून पणत्या विकत घेणं वेगळं आणि कलाकाराला मोबदला देणं वेगळं. दोन जबाबदार माणसं कायम हजर असावीत, त्यात एक स्त्री हवीच. आपल्या लेकींना एकटं कुणाबरोबर सोडायचं नाही. फिट आली तर कुशीवर वळवा. कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर दवाखाना गाठा. फिटच्या गोळ्या आपल्या मनाने कधीही बंद करू नका.

खर्चाचं कारण सांगू नका. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हिशेब मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २९ ने सांस्कृतिक जीवनाचा हक्कही दिला आहे. शासकीय रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. ‘निरामय’ विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत उपचारांचा खर्च मिळतो.

‘आमच्यानंतर याचं कसं होईल?’ प्रत्येक आईचा हा प्रश्न आहे. तिच्या लेकाला वस्ती आज नावाने ओळखू लागली, तरच उद्या वस्ती त्याला सांभाळेल. विहार समित्यांनी आणि महिला मंडळांनी येत्या पौर्णिमेला हा विषय बैठकीत घ्यावा आणि वस्तीतल्या अशा घरांची यादी करावी. पहिली दुपार त्याच बैठकीत ठरवा.