हळू जाणाऱ्यांचा रस्ता

मंडळी, आत्ताच सायकलवरून येऊन टेकलोय. मांड्या भरून आल्यात, नाक उन्हाने लाल झालंय आणि शेगडीवर चहा उकळतोय. अशा वेळी माणूस दोनच गोष्टी करू शकतो : झोपू शकतो किंवा मतं मांडू शकतो. झोप दुपारी काढीन म्हणतो.

ख्राइस्टचर्च हे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं शहर पोळपाटासारखं सपाट आहे. दक्षिणेला मात्र पोर्ट हिल्सची रांग आडवी उभी आहे, एका कधीच्या निवालेल्या ज्वालामुखीच्या तोंडाचा हा काठ. पूर्वेला शहरातल्या दोन नद्या एकत्र येऊन समुद्राला मिळतात, तिथे खाडी. माओरी नाव इहुताई. माझी रविवारची फेरी या सगळ्याला शिवून येते. कॅशमिअरच्या पायथ्यापासून डायर्स पासचा घाट चढायचा, डोंगराच्या माथ्यावरून समिट रोडने पूर्वेकडे जायचं, इव्हान्स पासवरून समनरच्या किनाऱ्यावर उतरायचं आणि खाडीच्या काठाकाठाने घरी परत. सगळे मिळून चाळिसेक किलोमीटर.

घाटमाथा सव्वातीनशे मीटरच्या आसपास. सिंहगड चढणारे पुणेकर हसतील, हसू देत. वारा समोरून आला की हीच चढण दुप्पट होते. पण वर पोचलं की डाव्या हाताला अख्खं शहर, त्यापलीकडे सपाट माळ आणि अगदी टोकाला सदर्न आल्प्सचा बर्फ. उजव्या हाताला खाली ज्वालामुखीच्या तोंडात शिरलेला समुद्र, म्हणजे लिटल्टन बंदर. आणि खिंडीत एक दगडी घर : 'साइन ऑफ द किवी'. आता तिथे कॉफी मिळते. बांधलं १९१७ साली.

हे घर तिथे का आहे, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हॅरी एल नावाचा इथला एक खासदार होता (जन्म १८६२, मृत्यू १९३४). हे डोंगर सगळ्यांना पायी हिंडायला मोकळे असावेत, हा त्याचा ध्यास. निसर्गरम्य जागा राखण्यासाठी १९०३ साली जो कायदा झाला, त्यामागे तो होता. माथ्यामाथ्याने थेट अकारोआपर्यंत रस्ता न्यायचा आणि वाटेत ठिकठिकाणी विश्रांतीची घरं बांधायची, असा त्याचा बेत. १९०८ पासून काम सुरू झालं, पैसे पुरेनात, सरकार आणि सहकारी त्याच्या हट्टाला कंटाळले. घरं झाली फक्त चार. त्यातलं 'साइन ऑफ द टाकाहे' तर तो गेल्यावर पंधरा वर्षांनी, १९४९ साली पुरं झालं. पण रस्ता राहिला. दमलेल्या माणसाला मध्ये कुठे बसावंसं वाटेल, हा विचार आधी आणि रस्ता नंतर! मी पेशाने इंजिनिअर. आमच्या नकाशांवर वाहनांचा वेग असतो, वळणाची त्रिज्या असते. दमणं हा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

असो. खाली उतरू या.

समनरहून फेरीमीडपर्यंत खाडीच्या कडेने साडेसहा किलोमीटरची वाट आहे, फक्त चालणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी. स्थानिक लोकांनी पाठपुरावा करून ती करून घेतली. ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडतो आणि लांब चोचींचे पक्षी चिखलात टोचत हिंडताना दिसतात. हे गॉडविट, माओरीत 'कुआका'. सप्टेंबरात अलास्काहून येतात, मार्चमध्ये परत निघतात. २००७ साली एका मादीच्या शरीरात उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं होतं. ती ११,६८० किलोमीटर न थांबता, आठ दिवसांत उडत न्यूझीलंडला पोचली. ते वाचल्यापासून घाटात दम लागला की मी तोंडातून हूं की चूं करत नाही.

याच वाटेवर काही वर्षांपूर्वी माझे बाबा माझ्याबरोबर सायकलवर होते. वय अडुसष्ट. नारायण पेठेतून खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं सायकलने गेलेला माणूस. पुढे पुण्यात उलट्या दिशेने आलेल्या एका दुचाकीने त्यांना उडवलं, हात प्लास्टरमध्ये गेला आणि घरातल्या सगळ्यांनी, त्यात फोनवरून मीही, फर्मान काढलं : आता वय झालं, सायकल बंद. सायकल भंगारात गेली. बाबा काही बोलले नाहीत.

इथे हेल्मेटची सक्ती आहे, १९९४ पासून. "हे उलटं पातेलं घातलंच पाहिजे का?" अशी कुरकुर करत ते निघाले आणि समनरपर्यंत जाऊन परत आले. न थांबता. मग कठड्यावर बसून त्यांनी विचारलं, "हा रस्ता कुणासाठी बांधलाय रे?"

"तुमच्यासारख्यांसाठीच."

जरा वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझं वय झालं नव्हतं तर."

मंडळी, यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

"तिकडच्या लोकांची संस्कृतीच वेगळी" हे वाक्य मला दर सुट्टीत ऐकवलं जातं. खोटं आहे ते. ख्राइस्टचर्चलाही एकेकाळी, आपल्या पुण्यासारखंच, सायकलींचं शहर म्हणत. 'सायक्लोपोलिस' असं नावच पडलं होतं. पुढे मोटारी आल्या आणि सायकली आटल्या, अगदी पुण्यासारख्याच. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात शहराचा मध्य कोसळला. नवं शहर कसं हवं, असं लोकांना विचारलं, तर एक लाखाहून जास्त सूचना आल्या आणि चालण्याला, सायकलीला, झाडांना जागा द्या असं लोक पुन्हा पुन्हा म्हणाले. मग तेरा मोठे सायकलमार्ग आखले गेले. पार्किंग जातं म्हणून दुकानदारांशी भांडणंही झाली. पण रस्ता झाला तशा सायकली परत आल्या. माणसं तीच होती.

आणि न्यूझीलंड म्हणजे स्वर्ग असंही समजू नका. ऑकलंडचा हार्बर ब्रिज १९५९ साली खुला झाला. मूळ आराखड्यातल्या पादचारी वाटा खर्च वाचवायला गाळल्या होत्या. दहा वर्षांत मोटारींना जागा अपुरी पडली, तर १९६९ साली जपानहून तयार भाग आणून दोन्ही बाजूंना आणखी चार मार्गिका जोडल्या. चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मात्र काही नाही. शेवटी जून २०२१ मध्ये त्यांच्यासाठी वेगळ्या पुलाची घोषणा झाली, खर्च ७८ कोटी ५० लाख न्यूझीलंड डॉलर. आकडा ऐकून जो गदारोळ झाला, त्यात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो रद्दही झाला. कागदावर असताना एक पट्टा गाळला, त्याची ही किंमत.

हे सगळं आज सांगायचं कारण कोकण. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गासाठी आपल्या खाड्यांवर पूल बांधले जात आहेत. पूल हवेतच. आजारी माणसाला फेरीबोटीची वाट बघायला लागू नये. पण आज दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीत सायकल घेऊन चढता येतं. डिसेंबरात गोव्याकडे निघालेली पुण्या-मुंबईची पोरं चढतात आणि एरवी गावातली माणसंही. उद्या पूल झाला आणि फेरीबोट बंद पडली, तर हे सगळे ट्रकच्या शेजारी येणार. ठाण्याच्या खाडीवरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, २१.८ किलोमीटर लांब. तिथे सायकल सोडाच, मोटारसायकललाही मनाई आहे. भरधाव रस्त्यावर ती मनाई बरोबर असेलही. पण मग वेगळी वाट का नाही, हा प्रश्न उरतोच.

"कोकणात सायकल चालवतंय कोण?" असं विचारणारे भेटतील. शाळेत जाणारी मुलगी चालवते. टोपली घेऊन निघालेली कोळीण चालत जाते. आणि जे आज दिसत नाहीत, त्यांनी बाबांसारखी सायकल कधीच भंगारात घातली आहे. माझी मागणी एवढीच : प्रत्येक पुलावर कठड्याने वेगळी केलेली दोन-तीन मीटरची वाट, आणि मध्यावर भरती-ओहोटी बघत बसायला एक बाक. आत्ता तो नकाशावरचा एक पट्टा आहे. नंतर तो दुसरा पूल होईल, म्हणजे होणारच नाही.

बाबा आता शहात्तरचे आहेत. दर रविवारी फोनवर विचारतात, "आले का रे ते पक्षी?" सायकलबद्दल विचारत नाहीत.

चहा उतू गेला वाटतं. पळतो.