मुलीच्या हातातली मंगा

परदेशातल्या आपल्या घरांत बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात आता जपानी मंगा हमखास सापडते. सार्वजनिक वाचनालयांत मंगाची कपाटं भरलेली असतात आणि मुली एका वेळी पाच-सहा खंड घरी आणतात. मोठे डोळे, फुलांच्या पाकळ्या, शाळेचा गणवेश अशी मुखपृष्ठं पाहून आईवडीलही निर्धास्त असतात. मग एखाद्या दिवशी घरातलं कुणीतरी मधलंच पान उघडतं आणि तिथे शय्या दिसते, नाहीतर अत्याचार, नको असलेलं गरोदरपण, व्यसन. "हे मुलींसाठी?" हा पहिला उद्गार अगदी स्वाभाविक आहे. त्यानंतरची पायरी, म्हणजे पुस्तक काढून घेणं, मला मात्र चुकीची वाटते. वयात येणाऱ्या मुलींसाठी लिहिलेल्या प्रेमकथेत शरीर येणारच. पालकांनी तपासायचं ते एवढंच, की कथेत जबरदस्ती आली तर कथा कुणाच्या बाजूने उभी राहते.

जपानमध्ये मुलींसाठीच्या या चित्रकथांना 'शोजो मंगा' म्हणतात. १९५०च्या दशकात त्या बहुतांशी पुरुषच काढत. ओसामू तेझुका यांची 'रिबोन नो किशी' १९५३ साली मुलींच्या मासिकात सुरू झाली, ती याच काळातली. चित्र पालटलं ते १९७०च्या आसपास, जेव्हा विशी-पंचविशीतल्या स्त्रियांनी हे क्षेत्र ताब्यात घेतलं. रियोको इकेदा, मोतो हागिओ, केइको ताकेमिया या साऱ्या दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या. मुलींना काय वाटतं हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं, कारण त्या स्वतः नुकत्याच त्या वयातून बाहेर पडल्या होत्या. म्हणजे आज आपल्याला धक्का देणारी पानं कुणा बाहेरच्याने मुलींच्या मासिकात घुसवलेली नाहीत. ती तरुण स्त्रियांनी, मुलींसाठी, संपादकांशी भांडून मिळवलेली पानं आहेत.

इकेदांची 'व्हर्सायचा गुलाब' ही कथामाला १९७२-७३मध्ये 'मार्गरेट' या साप्ताहिकात आली. नायिका ऑस्कर मुलगा म्हणून वाढवलेली, फ्रान्सच्या राणीच्या रक्षकदलातली अधिकारी. तिच्यावर जिवापाड प्रेम करणारा आंद्रे हा त्यांच्याच वाड्यातला नोकर. एका प्रसंगी आंद्रेचा तोल सुटतो. तो तिचं जबरदस्तीने चुंबन घेतो, तिचा सदरा फाटतो. त्या क्षणी तिचा चेहरा पाहून तो थांबतो, कोसळतो आणि पुन्हा असं करणार नाही अशी शपथ घेतो. लेखिका त्या कृत्याला प्रेमाची तीव्रता म्हणून सजवत नाही. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या तोंडावर, पॅरिसकडे कूच करण्याआधी, ऑस्कर स्वतः आंद्रेला जवळ बोलावते. त्या रात्रीचा निर्णय तिचा असतो आणि तिला भीती वाटते हेही लपवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी आंद्रे मारला जातो आणि १४ जुलै १७८९ रोजी बास्तीय तुरुंगासमोर ती स्वतः पडते. पन्नास वर्षांपूर्वीच्या शाळकरी मुलींनी हे दोन्ही प्रसंग एकाच कथेत वाचले. संमती असली आणि नसली तर काय होतं, हे त्यांना कुठल्याही उपदेशाशिवाय समोरासमोर पाहायला मिळालं. कितीतरी घरांत आजही हा विषय आई आणि मुलगी यांच्यात निघत नाही.

ताकेमियांचं उदाहरण याहून अवघड आहे. त्यांची 'वारा आणि झाडांचं गीत' १९७६ साली सुरू झाली, तीच एका निवासी शाळेतल्या दोन मुलांच्या शय्यादृश्याने. कल्पना सुचल्यापासून ती छापून यायला त्यांना अनेक वर्षं वाट पाहावी लागली. संपादक तयार नव्हते. म्हणून आधी दुसरी कथामाला लोकप्रिय करून त्यांनी आपला शब्द चालेल अशी जागा मिळवली. कथेचा गाभा असा, की घरातल्याच मोठ्या माणसाने लहानपणापासून वापरलेल्या मुलाला नंतर प्रेम ओळखताही येत नाही. पुढे १९९२ ते २००१ या काळात हागिओंनी 'क्रूर देवाचं राज्य' लिहिली, थोड्या मोठ्या वाचकांच्या मासिकात. तिथे सावत्र बाप मुलावर अत्याचार करतो आणि कथेचा फार मोठा भाग त्यानंतरच्या वर्षांचा आहे: अपराधभाव, बोलता न येणं, पुन्हा कुणावर विश्वास टाकणं. या कथेला १९९७ साली तेझुकांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. मुलीऐवजी मुलगा घेतल्यामुळे वाचणाऱ्या मुलीला त्या वेदनेकडे थोड्या अंतरावरून पाहता येतं, असं मला वाटतं. ही पानं वाचताना अस्वस्थ व्हायला होतं आणि तसं व्हायलाच हवं.

सगळंच असं आहे, असा माझा दावा नाही. योको कामिओ यांची 'हाना योरी दांगो' घ्या. १९९२पासून 'मार्गरेट'मध्येच आलेली ही कथा तैवान आणि कोरियातल्या मालिकांमुळे आपल्या मुलींपर्यंत 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' या नावाने पोचली. श्रीमंतांच्या शाळेतला दादा मध्यमवर्गीय नायिकेच्या कपाटात लाल चिठ्ठी लावतो आणि सारी शाळा तिचा छळ सुरू करते. तिच्यावर हल्ला होतो. पुढे तोच मुलगा तिच्यावर स्वतःही बळजबरी करतो आणि शेवटी नायक ठरतो. नायिका त्याला ठोसा मारते, वाकत नाही, हे कथेचं बळ आहे. पण छळणारा मनातून प्रेमळच असतो, ही समजूतही तीच कथा देते. ऑस्करच्या शय्येपेक्षा मला या लाल चिठ्ठीची जास्त काळजी वाटते. आणि गंमत म्हणजे घरातल्या मोठ्यांची नजर नेमकी हिच्यावरून सरकते, कारण तिच्यात अंग उघडं दिसत नाही. मुलगी 'नाही' म्हणत असताना तिचा पिच्छा पुरवणारा नायक आपण हिंदी-मराठी चित्रपटांत सहकुटुंब पाहत आलो आहोत, त्यामुळे तो आपल्याला खटकेनासा झाला आहे.

पहिला आक्षेप वयाचा, आणि तो खरा आहे. दहा वर्षांच्या मुलीने हागिओ वाचू नये. पण जपानी मासिकं मुळात वयानुसार वाटलेली आहेत. 'नाकायोशी', 'रिबोन' प्राथमिक शाळेतल्या मुलींसाठी, 'मार्गरेट', 'हाना तो युमे' त्यांच्याहून मोठ्यांसाठी, आणि 'नाना' ही कथा ज्यात आली ते 'कुकी' त्याहूनही थोरल्यांसाठी. तिथली मुलगी एका मासिकातून दुसऱ्यात जाते आणि आपण कुठे आहोत हे तिला कळतं. भाषांतर होऊन पुस्तक परदेशात आलं की मासिक मागे राहतं आणि सगळे खंड एकाच फळीवर एकाच आकारात उभे राहतात. आपला धक्का बराचसा या फळीवर तयार होतो. इंग्रजी आवृत्त्यांवर वयोगट छापलेला असतो. तो वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही.

दुसरा आक्षेप असा, की सरळ गाळून टाका ना. हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. १९४७ साली 'यंग रोमान्स'पासून तिथे प्रेमकथांची कॉमिक्स धडाक्याने खपू लागली. १९५४ साली कॉमिक्ससाठी आचारसंहिता आली. प्रेमकथांनी घराचं मूल्य आणि विवाहाचं पावित्र्य ठसवावं, घटस्फोट इष्ट दाखवू नये, असे नियम झाले. कथा गुळमुळीत झाल्या. १९७०च्या दशकात हा प्रकार जवळजवळ संपला, 'यंग रोमान्स' १९७५ साली बंद पडलं. एकट्या संहितेने ते मारलं असं मी म्हणणार नाही, दूरचित्रवाणीही होतीच. पण त्याच दशकात जपानी मुलींची कॉमिक्स बहरत होती आणि आज अमेरिकेतली मुलगी तीच वाचते आहे. गाळलेल्या कथेत तिला स्वतःचं काही सापडत नव्हतं.

"ही आपली संस्कृती नाही" असं म्हणणाऱ्यांना एक आठवण करून द्यायला हवी. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली लैंगिक शिक्षणाचं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं ते मराठीतच. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले आणि १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला कर्वे हरले, तरी मासिक १९५३ साली त्यांच्या निधनापर्यंत चाललं. शरीराबद्दल स्पष्ट बोलावं की नाही, हा वाद आपण मुंबईत नव्वद वर्षांपूर्वीच केला आहे.

तेव्हा मुलीच्या हातातून खंड काढून घेण्याआधी त्याचे पहिले दोन भाग स्वतः वाचा. जपानी आवृत्तीसारखेच ते उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात, एका संध्याकाळी होतात. मग तिला विचारा, त्या लाल चिठ्ठीवाल्या मुलाला नायिकेने माफ करायला हवं होतं का? तिचं उत्तर मधे न तोडता ऐका.