गाळलेलं पाणी आणि मोकळा पाइप

आमच्या समाजात पाणी गाळतात आणि गाडीही धुतात. ही दोन्ही कामं एकाच घरात, एकाच सकाळी, पुष्कळदा एकाच नळावर चालतात. आत सासूबाई नळाच्या तोंडाला दुहेरी गाळणं बांधतायत आणि बाहेर चिरंजीव त्याच टाकीच्या पाण्याचा पाइप बोनेटवर सोडून फोनवर बोलतायत. यात कुणालाही काही विचित्र दिसत नाही. मला दिसतं, आणि त्याचा मला रागही येतो. निपाणी, बेळगाव, चिकोडी भागातल्या आमच्या माणसांना उद्देशूनच हे लिहिते आहे. इतरांनी वाचलं तर हरकत नाही, गाड्या सगळेच धुतात.

पाणी गाळणं म्हणजे फक्त कचरा काढणं नव्हे, हे आम्हाला लहानपणी शिकवलेलं असतं. पाण्यात चालते-फिरते सूक्ष्म जीव आहेत, आणि पाणी हेच मुळात एकेंद्रिय जीवांचं शरीर आहे, जलकायिक. म्हणून जाड कापड दुहेरी करून गाळायचं, कापडात राहिलेली जीवाणी उलटं पाणी घालून हळूच पुन्हा त्याच विहिरीत सोडायची. वरून ओतायची नाही, बादली पाण्यापर्यंत नेऊन तिथं कलंडायची. गाळलेल्या पाण्याची मर्यादासुद्धा दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं. नंतर पुन्हा गाळायचं. इतका बारीक विचार केलेली माणसं आपण. आता विहिरी बुजल्या आणि बोअरच्या दीड इंची पाइपातून जीवाणी परत सोडायला जागाच राहिली नाही, हा निराळा विषय.

तर त्याच 48 मिनिटांत बाहेर किती पाणी गेलं, ते मी एकदा मोजलं. आमच्याकडची वीस लिटरची बादली पाइपाखाली दीड मिनिटात भरते. म्हणजे मिनिटाला तेरा लिटर. रविवारी गाडी धुणारा गृहस्थ चाळीस मिनिटं तरी पाइप बंद करत नाही, कारण साबण लावताना, फडका पिळताना, शेजाऱ्याशी उसाच्या दराबद्दल बोलताना पाणी चालूच असतं. पाचशे लिटरच्या वर गेलं. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी पाठवावं लागलं, ते आठवतंय ना? मिरज आपल्यापासून लांब नाही. पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर गेलं. टीव्हीवर ते बघून आपण हळहळलो. एका रविवारी हजार गाड्या अशा धुतल्या की तेवढं पाणी गटारात गेलं. बेळगावात हजारच गाड्या आहेत का?

मला लगेच उत्तर मिळतं, आणि ते शास्त्रातूनच मिळतं. "अहो वहिनी, गृहस्थाला सगळं कुठं पाळता येतंय? आरंभी हिंसा सुटत न्हाई." बरोबर आहे, सुटत नाही. स्वयंपाक, झाडलोट, धुणं यांतली आरंभी, धंद्यातली उद्योगी, स्वतःच्या रक्षणासाठी विरोधी, आणि ठरवून केलेली संकल्पी. यातली शेवटची गृहस्थानं सोडायची आणि बाकीची जमेल तितकी कमी करायची, एवढीच आपल्याकडून अपेक्षा. पण हे सांगणारे अण्णा पुढचं पान उलटत नाहीत. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती नावाचं एक गुणव्रत आहे. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंडकात त्याचे पाच प्रकार दिले आहेत, त्यातला एक प्रमादचर्या. विनाकारण जमीन उकरणं, विनाकारण पाणी सांडणं, विनाकारण अग्नी पेटवणं, विनाकारण पानं तोडणं. सगळी हिंसा टाळा असं ते म्हणत नाहीत. ज्यातून काहीच साधत नाही ती तरी टाळा, एवढंच म्हणतात. फोनवर बोलताना बोनेटवरून वाहणाऱ्या पाण्यानं काय साधलं? दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला आपला रविवार इतका नेमका दिसला होता.

दुसरं उत्तर जास्त ठसक्यात येतं. "पाणी आमच्या बोअरचं हाय, नळाचं न्हवं." म्हणजे बोअर माझी, म्हणून पाणीही माझं. पण जमिनीखाली कंपाउंड नसतं. तुमच्या तीनशे फुटांत येणारं पाणी शेजारच्या दोनशे फुटांतून ओढलेलं असू शकतं, आणि त्या शेजाऱ्यानं ते तुम्हाला दिलेलं नाही. न दिलेलं घेणं, अदत्तादान, याला आपल्याकडे काय म्हणतात ते पाठशाळेतल्या पोराला विचारा. शिवाय बोअरचं पाणी जड. उन्हात गाडीवर सुकलं की पांढरे ठिपके पडतात आणि ते काढायला पुन्हा बाटली विकत आणायची.

बेंगळुरात 2024 च्या मार्चमध्ये पाणी आटलं तेव्हा तिथल्या जलमंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाडी धुण्यावर बंदी घातली, पाच हजार रुपये दंड लावला आणि तो वसूलही केला. आपल्याकडे राकसकोप आणि हिडकल भरलेलं असलं की असा विचार डोक्यात येत नाही. बेळगावात काही प्रभागांना चोवीस तास पाणी, बाकीच्यांना काही दिवसांच्या अंतरानं. ज्यांच्याकडे चोवीस तास येतं त्यांच्याच दारात पाइप जास्त वेळ चालू असतो, हे कुणीही सकाळी फिरायला गेल्यावर बघून घ्यावं. आणि ते पाणी जातं कुठं? उतार जिकडे तिकडे. बळ्ळारी नाला शहापूर-वडगावच्या शिवारातून जातो, ज्या शिवाराच्या बासमतीचं कौतुक आपण पाहुण्यांना सांगतो.

आता गाडी धुवायचीच नाही का? असं मी म्हणत नाही. चाकांच्या वरच्या पोकळीत चिखल साचून राहिला तर ओल धरतो आणि पत्रा खातो. पक्ष्याची शिट रंगात उतरते. ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या मागून निपाणीला आलं की काळ्या मातीचे गोळे खाली चिकटलेले असतात, आणि खानापूरकडून आलं की लाल धूळ. धुवावीच लागते. पण कशी, ते नीट माहीत करून घ्या, कारण जे चांगलं धुतात त्यांना पाणी कमी लागतं, हा माझा अनुभव आहे.

सावलीत, पत्रा गार असताना धुवायची. आधी चाकं, मग अंग, कारण चाकांची घाण उडते. चाकांचा फडका आणि बादली वेगळी ठेवायची. ब्रेकची जी काळी भुकटी रिंगवर बसते तिच्यात लोखंडाचे कण असतात, आणि तोच फडका दारावर फिरवला तर तुम्ही पत्र्याला पॉलिश पेपर लावताय. तवंदीचा घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतायचं नाही. अलॉय रिंगला फरशीचं अ‍ॅसिड लावणारे महाभाग मी पाहिलेत. डाग जातो, आणि वरचा थरही जातो. अंगाला दोन बादल्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडका आधी साध्या पाण्यात खळबळायचा, पिळायचा, मग शाम्पूत बुडवायचा. वरून खाली यायचं, टप आधी, दाराचा तळ शेवटी. भांड्याचा साबण नको, तो मेणाचा थर उतरवतो. खाली पडलेला फडका पुन्हा गाडीला लावायचा नाही. आणि रोज सकाळी कोरड्या फडक्यानं धूळ पुसायची जी सवय आहे ना, ती तर पहिली मोडा. उन्हात गाडीवर जे गोल गोल ओरखडे दिसतात ते तिचेच. एवढ्याला चार बादल्या लागतात. ऐंशी लिटर. फार चिखल असला तर पाच. प्रेशरचं मशीन असेल तर ते उघड्या पाइपापेक्षा कमी पाणी घेतं, हेही मान्य करते, पण त्याचा खटका बोटाखाली असतो आणि तो सोडावा लागतो.

सामानाबद्दल एक सांगायला हवं. बटाटा न खाणाऱ्या घरातल्या गाडीच्या डिकीत मी रिंग साफ करायचा महागडा ब्रश पाहिला, डुकराच्या केसांचा. डब्यावर स्पष्ट लिहिलेलं. पुसायचा शॅमी कातड्याचा, सीट कातड्याची, तिला लावायचं क्रीम वेगळं, आणि वरून चमकवायला जे मेण, त्यात पुष्कळदा मधमाश्यांचं. मध आपण वर्ज्य करतो, मेण चोळतो. हे सगळं टाळता येतं. नायलॉनचा ब्रश मिळतो, मायक्रोफायबर मिळतं, ब्राझीलमधल्या ताडासारख्या एका झाडाच्या पानांचं कार्नोबा मेण मिळतं. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका चष्मा लावून बघणारी आपण माणसं, मग हाही डबा वाचा की.

पण माझं खरं भांडण टायरशी आहे. म्हणजे टायरच्या काळेपणाशी.

धुऊन झाली की शेवटचा सोहळा असतो टायर काळे करण्याचा. बाटलीतलं चकचकीत द्रव, नाहीतर गावाकडे डिझेल किंवा जुनं इंजिन ऑइल. टायर जुना दिसायला लागला, तपकिरी पडला की माणसाला लाज वाटते. तो तपकिरी रंग काय असतो? हवेतल्या ओझोननं रबर तडकू नये म्हणून कारखान्यात टायरमध्ये जी द्रव्यं मिसळलेली असतात ती हळूहळू पृष्ठभागावर येतात, हवेशी त्यांची क्रिया होते आणि रंग बदलतो. म्हणजे टायर आपलं काम करतोय. ब्रश आणि साबणाच्या पाण्यानं बाजू घासली, संपलं. डिझेल आणि ऑइल तर रबर फुगवतं. आणि ते चकचकीत द्रव चुकून जमिनीला लागणाऱ्या भागावर गेलं तर टायर घसरतो. त्या चमकेनं टायरचं आयुष्य एका दिवसानं वाढत नाही.

आणि ज्यानं वाढतं ते कुणी करत नाही. मी विचारून पाहते. "दादा, हवा किती आहे?" "पंपावाला बघतोय की." "किती, आकडा सांगा." आकडा माहीत नसतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत तो चिकटवलेला असतो, आणि हवा टायर गार असताना मोजायची असते. टायरच्या खाचांत मधे मधे रबराच्या लहान आडव्या पट्ट्या असतात, बाजूला त्रिकोणाची खूण असते. नक्षी झिजून त्या पट्ट्यांच्या पातळीला आली म्हणजे 1.6 मिलिमीटर उरली, आपल्या कायद्यानं टायर संपला. बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2317 असेल तर 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. हे बघायला एक थेंब पाणी लागत नाही, पाच मिनिटं लागतात आणि खाली वाकावं लागतं.

स्तवनिधीला जाताना आपण सगळे तवंदीच्या घाटानं जातो. मोठा रस्ता, उतार, वळणं, कंटेनर, आणि जुलैचा पाऊस. त्या घाटातल्या अपघातांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि "ड्रायव्हर जोरात होता" म्हणून पान उलटतो. टायरमधल्या खाचा पाणी बाजूला सारण्यासाठी असतात. त्याच झिजल्या तर गाडी पाण्याच्या थरावर तरंगते, स्टिअरिंग फिरवलं तरी ऐकत नाही. मंदिराच्या वाहनतळावर एका सकाळी मी गाड्यांच्या रांगेतून फिरले. काळे कुळकुळीत, आरशासारखे टायर. वाकून बघितलं तर त्यांतल्या कित्येकांची नक्षी पट्टीला टेकलेली. मागच्या सीटवर आजी, मांडीवर नातू. पाचशे लिटर पाणी ओतून, बाटली रिकामी करून, भगवंतापुढे ही गाडी आणून उभी केली.

खंडेनवमीचं तर बोलायलाच नको. कर्नाटकात आयुधपूजा, आपल्यात खंडेनवमी, दोन्हीचं एकत्र करून गाड्या नदीत घालतात. वेदगंगेत, तळ्याच्या काठाला, जिथं उतार मिळेल तिथं. साबण, ग्रीस, ऑइल, सगळं त्या पाण्यात. 2019 आणि 2021 ला हीच वेदगंगा यमगर्णीजवळ हायवेवर आली होती तेव्हा आपण तिला हात जोडले. नंतर चाकांखाली लिंबू. जैन घरांतही लिंबू, हे मी अनेकदा पाहिलंय, त्यावर वेगळं लिहीन.

आणखी एक, हे बायकांनी वाचावं. ज्या पुरुषानं जन्मात स्वतःचं ताट विसळलं नाही तो रविवारी दोन तास गाडी घासतो आणि त्याला छंद म्हणतात. ज्याला तेवढाही वेळ नाही तो महिन्याला काही शे रुपयांवर एखादा पोरगा ठेवतो. तो पोरगा पहाटे पाचला थंडीत अनवाणी, ओल्या पायांनी दहा गाड्या करतो, रिंगला लावायचं तिखट द्रव उघड्या हातानं लावतो. हातमोजे कुणी दिले? पर्युषणात उत्तम शौच धर्मावर प्रवचन होतं तेव्हा महाराज दरवर्षी सांगतात की शौच म्हणजे अंघोळ नव्हे, लोभ सुटणं. पुढच्या रांगेत बसलेले माना डोलावतात आणि बाहेर येऊन गाडीवर बोट फिरवून धूळ बघतात.

मी आमच्या गल्लीत एवढंच मागितलंय: मंदिराच्या आवारातल्या नळाचा पाइप काढून टाकावा आणि तिथं दोन बादल्या आणि हवा मोजायचं यंत्र ठेवावं. यंत्र काही शे रुपयांत येतं. कमिटीत विषय निघाला. एक आबा म्हणाले, बादल्या चोरीला जातील. दुसरे म्हणाले, हवेचं यंत्र देवळात कशाला? पाइप अजून तिथंच आहे. पुढची बैठक दसऱ्याच्या आधी आहे, आणि मी जाणार आहे.