स्किझोफ्रेनियातील विसराळूपणा रक्ताच्या तपासणीत कळतो का?

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अल्झायमरच्या निदानासाठी एका रक्ततपासणीला परवानगी दिली. तेव्हापासून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे आईवडीलही विचारतात, "डॉक्टर, आवाज ऐकू येणं थांबलं, पण याचं लक्ष लागत नाही, सांगितलेलं विसरतो. याच्यासाठी अशी टेस्ट नाही का?"

आज तरी नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिने साचतात आणि त्यांचा माग रक्तात काढता येतो. स्किझोफ्रेनियात असे एका प्रथिनावर बोट ठेवता येत नाही. सीआरपी, इंटरल्युकिन-६ आणि बीडीएनएफ यांवर जगभर संशोधन सुरू आहे. स्मरणशक्तीशी त्यांचा थोडाफार संबंध दिसतो, पण तो शेकडो रुग्णांच्या सरासरीत. सीआरपी तर हिरडीच्या संसर्गाने, लठ्ठपणाने, सिगारेटनेही वाढतो. एकट्या रुग्णाच्या रिपोर्टवरून काहीच ठरवता येत नाही. त्यामुळे अशा 'पॅकेज'वर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

औषधाच्या बाजूनेही निराशाच आली. या त्रासासाठीच तयार केलेले आयक्लेपर्टिन मोठ्या चाचण्यांत प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही, असे कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले.

मग रक्त तपासायचेच नाही का? तपासायचे, पण साधे. ओलान्झापीन, क्लोझापीनसारख्या गोळ्यांनी वजन, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढते, आणि ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांची विचारशक्ती जास्त मंदावलेली आढळते. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ पाहावे. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता नेहमीची, आणि ती भरून काढता येते. क्लोझापीन घेणाऱ्यांची पांढऱ्या पेशींची तपासणी मात्र सुरक्षिततेसाठी असते, स्मरणशक्तीशी तिचा संबंध नाही. ती चुकवू नका.

रिपोर्टपेक्षा मी आधी गोळ्यांची पिशवी पाहतो. हात थरथरू नयेत म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल अनेकांची वर्षानुवर्षे तशीच सुरू असते. ही गोळी स्मरणशक्ती मंद करते. ती अजून लागते का, हे मानसोपचारतज्ज्ञांना जरूर विचारा. स्वतःहून बंद करू नका.

लक्ष आणि स्मरण किती कमी झाले आहे, हे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट प्रश्न आणि छोट्या चाचण्यांतून मोजतात. कॉग्निटिव्ह रेमेडिएशन या सरावाने काहींना चांगला फायदा होतो, विशेषतः सोबत काम किंवा शिक्षण सुरू असेल तर. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत चौकशी करा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. आणि घरी त्याला 'आळशी', 'कामचोर' म्हणू नका. हा विसराळूपणा आजाराचाच भाग आहे, पुष्कळदा भास सुरू होण्याआधीपासूनचा. एका वेळी एकच काम सांगा, तेही कागदावर लिहून.