लंगडणाऱ्या पोरीचे डोळेही तपासा

चार-पाच वर्षांची पोरगी सकाळी उठते तेव्हा गुडघा आखडलेला असतो. ती लंगडते. घरचे म्हणतात, पडली असेल, मुका मार असेल. तेल चोळतात. दुपारपर्यंत ती अंगणात खेळू लागते आणि विषय तिथेच राहतो. वात म्हणजे म्हाताऱ्यांचे दुखणे ही आपली समजूत. लहान मुलांनाही संधिवात होतो हे पुष्कळांच्या गावीही नसते.

या संधिवातात काही मुलांच्या डोळ्याला आतून सूज येते. डॉक्टर तिला युव्हिआयटिस म्हणतात. लहान वयात, थोडेच सांधे धरलेल्या मुलींना तिचा धोका अधिक. या मुलांचा डोळा बहुधा लाल होत नाही, दुखतही नाही. मग पोर तक्रार तरी कशाची करणार? फळ्यावरचे दिसेनासे झाले की गुरुजींच्या लक्षात येते, तोवर मोतीबिंदू किंवा काचबिंदूने घर केलेले असते. बॅटरीच्या उजेडात ही सूज दिसत नाही, त्याला स्लिट लॅम्पचे यंत्रच लागते. म्हणून अशा लहान मुलांचे डोळे काही होत नसले तरी दर तीन महिन्यांनी तपासायचे असतात.

उपचार आहेत. आधी स्टिरॉइडचे थेंब. पण ते वर्षानुवर्षे घातले तर त्यांनीच मोतीबिंदू होतो, डोळ्यातला दाब वाढतो. मग आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. तेवढ्यानेही भागले नाही तर अॅडालिमुमॅब हे जैविक औषध, साधारणपणे दर पंधरवड्याला कातडीखाली टोचायचे. (जैविक म्हटले की शेतकऱ्याला खत आठवते! हे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेले प्रथिन असते.) ब्रिटनमध्ये मेथोट्रेक्सेट घेऊनही सूज न हटलेल्या ९० मुलांवर याची चाचणी झाली. २०१७ साली निष्कर्ष आले. औषध मिळालेल्या ६० मुलांपैकी १६ जणांचा उपचार फसला, नुसते पाण्यासारखे इंजेक्शन मिळालेल्या ३० पैकी तब्बल १८ जणांचा.

आपल्या देशात याचे देशी रूप डिसेंबर २०१४ मध्ये आले, अमेरिकेतल्या किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्शात. तरी तेव्हा एका इंजेक्शनला १३,५०० रुपयांच्या आसपास पडत. वर्षाला २६ इंजेक्शने; हिशेब साडेतीन लाखांवर जातो. पुढे आणखी कंपन्या उतरल्या, भाव खाली आले. पण दोन एकर कोरडवाहूवाल्याला तेही झेपणारे नाहीत, आणि हे औषध दोन-चार डोसांत संपत नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा भर दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. पंधरवड्याला टोचून घरी जाणाऱ्या या मुलांसाठी शासनाने तीत स्पष्ट तरतूद करावी. औषध २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि गावात लाइटचा भरवसा नाही. लसी सांभाळणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच एक वेगळा लहान फ्रिज द्यावा, सिस्टरने तिथेच टोचावे. हे औषध लपलेला क्षय उठवू शकते, तेव्हा सुरू करण्यापूर्वी छातीचा फोटो आणि क्षयाची चाचणी जिल्हा रुग्णालयात फुकट व्हावी.

अंगणवाडी-शाळांत मुले तपासणारी पथके २०१३ पासून फिरताहेत. सहा आठवडे सांधा सुजलेले मूल दिसले की त्यांनी त्याला हाडांच्या डॉक्टरकडे धाडून मोकळे होऊ नये. त्याच चिठ्ठीवर डोळ्यांचा विभागही लिहावा.