कार्यालयाचा ओटा

इतवारीतल्या जुन्या पेढीला ओटा असे. गिऱ्हाईक, हमाल, वाटसरू, उन्हाने शिणलेला कोणीही तेथे घटकाभर टेके आणि त्यासाठी शेठजींची परवानगी लागत नसे. आता आपल्या व्यवसायांची मुख्य कार्यालये रुंद रस्त्यांवर गेली; ओटा मात्र मागेच राहिला. त्याच्या जागी काचेची भिंत आली.

काचेचा मोह समजण्यासारखा आहे. प्रतिष्ठा दुरून दिसते. परंतु नागपुरात पारा ४७ अंशांपर्यंत चढलेला आपण पाहिला आहे. त्या उन्हात पश्चिमेची काचभिंत म्हणजे आपणच पेटवलेली भट्टी, आणि ती निववण्यासाठी दिवसभर यंत्रे चालवायची. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण आहे, म्हणजे निष्प्रयोजन हिंसेचा त्याग. स्वयंपाकघरात जयणा पाळायची आणि इमारतीच्या नकाशात ती विसरायची, हे कसे जुळावे? काचेतल्या आकाशाच्या प्रतिबिंबाला भुलून पक्षी आदळून मरतात, तेही या हिशेबात धरावे.

सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाची इमारत एकदा या दृष्टीने पाहावी. हेन्री मेड यांनी तिचा आराखडा केला. १९४० साली ती खुली झाली. वातानुकूलनाचा आधार गृहीत न धरता बांधलेल्या त्या काळच्या वास्तूंची भिस्त जाड भिंती, उंच छत आणि सावलीचे व्हरांडे यांवर होती. आज तसा दगड परवडणार नाही. पण त्यामागचा विचार परवडतो. मे महिन्याच्या अखेरीस नागपूरचा मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो, म्हणून सर्वांत अधिक ऊन छत सोसते. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी घालावी, किंवा सौर पट्ट उभारावेत. ते वीजही देतात आणि सावलीही. दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. पश्चिमेचे तिरपे ऊन छज्ज्याने अडत नाही. तेथे जिना, स्वच्छतागृहे, कागदपत्रांची खोली ठेवावी. बसण्याच्या जागा उत्तरेच्या प्रकाशात याव्यात.

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो आणि वीज थोडी घेतो, पण पाणी बरेच पितो. अप्काय जीवांचा विचार करणाऱ्याला ही अडचण टाळता येत नाही. माझा कौल असा, की कूलर आधी नव्हे, सावली आधी. सावलीने उष्मा कमी झाल्यावर उरेल तेवढ्यापुरताच कूलर. शिवाय ५,००० चौरस फुटांच्या गच्चीवर १,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेचार लाख लिटरांहून अधिक पाणी उतरते. त्यातले काही वाया जाईल हे धरूनही ते गटारात सोडणे कोणत्या जमाखर्चात बसते?

जळगावच्या जैन हिल्सवर भवरलालजी जैन यांच्या प्रेरणेने गांधीतीर्थ उभे राहिले. २०१२ साली ते लोकांसाठी खुले झाले. उद्योगसमूहाच्या आवारात सर्वसामान्यांना प्रवेश असलेले संग्रहालय! एवढे प्रत्येकाला शक्य नाही. पण तळमजल्याचा रस्त्याकडचा दहा फुटांचा पट्टा, त्यावर छप्पर, कडुनिंबाचे एक झाड, बसायला दगडी ओटा, हे बहुतेकांना जमेल. पाणपोईचा नळ कुंपणाच्या बाहेर असावा, आत नव्हे. गाळण्याची आणि टाकी धुण्याची जबाबदारी एका माणसाकडे नावानिशी द्यावी आणि त्याचा पगार पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा; पाट्या लागतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात नळ कोरडे पडतात, असे फार ठिकाणी दिसते.