वॉरंट निघालं, पण पोटगीचं काय?

‘एकदा आत बसला की सुतासारखा सरळ येईल.’ पोटगी थकवणाऱ्या बापाचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी बोलतंच. समोरच्या बाजूचंही एक वाक्य ठरलेलं आहे: ‘महिनाभर आत बसेन, पण एक पैसा देणार नाही.’ दोघांचीही कल्पना अशी की, अटक वॉरंट निघालं म्हणजे गोष्ट संपली. कायद्यात मात्र तसं काहीच नाही. तुरुंगात जाऊन आल्याने पोटगी फिटत नाही. आणि नुसत्या वॉरंटने ती वसूलही होत नाही, हे त्याहून कडू सत्य.

पोफळीपासून सुरुवात करू. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचं हे गाव बाहेरच्यांना माहीत असतं ते कोयनेच्या भूमिगत वीजकेंद्रामुळे. बाकी कोकणातल्या कुठल्याही गावासारखं इथलंही घरटी एक माणूस मुंबई-पुण्याकडे. समजा, इथली एक आई पाच वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी राहते आणि नवरा नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत. पोटगीसाठी तिला मुंबई गाठावी लागत नाही. ती स्वतः राहते तिथल्या, म्हणजे चिपळूणच्या न्यायालयात अर्ज करता येतो. पूर्वी त्याला ‘कलम १२५’ म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तेच कलम १४४ झालं. धर्म कुठलाही असो, लग्न टिकलेलं असो वा नसो, मूल विवाहबाह्य संबंधातलं असो, हे कलम लागू होतं. १९७३ चा मूळ कायदा महिन्याला ५०० रुपयांच्या वर जाऊच देत नव्हता. ती मर्यादा संसदेने २००१ मध्ये काढली. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा, असंही तेव्हाच कायद्यात आलं. ‘शक्यतो’ या शब्दात किती वर्षं मावतात, ते पुढे पाहू.

आदेश झाला, महिना सहा हजार. तीन महिने पैसे आले, चौथ्या महिन्यात थांबले. आता काय होतं? आपोआप काहीच होत नाही. न्यायालयात घंटा वाजत नाही, पोलीस निघत नाहीत. पैसे आले नाहीत हे आईनेच जाऊन सांगायचं, वसुलीचा अर्ज तिनेच करायचा. तोही रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत. उशीर झाला तर त्याआधीच्या महिन्यांसाठी या कलमाखाली वॉरंट निघत नाही. मुलाची शाळा, भातलावणी, घरातलं आजारपण यांत चौदा महिने निघून गेले तर सुरुवातीचे दोन हप्ते या वाटेने गेलेच समजा. थकवणाऱ्याला कॅलेंडर पाहावं लागत नाही, मागणाऱ्याला पाहावं लागतं. मला तरी हा नियम उलटा वाटतो.

अर्जानंतर निघतं ते वॉरंट वसुलीचं. दंड वसूल करतात त्याच पद्धतीने: जंगम मालमत्तेची जप्ती आणि विक्री, किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. जप्तीला जाऊन मिळणार काय? भाड्याच्या खोलीतला टीव्ही, हप्त्यावर घेतलेली बाइक. गावात जमीन असते, पण कोकणातला सातबारा तुम्हाला माहीत आहे. पणजोबांपासूनची नावं, त्यात याचा हिस्सा कुठला हे शोधण्यातच पिढी जाते. वसुलीच्या वॉरंटनंतरही जी रक्कम उरते, तिच्यासाठी तुरुंगाची पाळी येते. प्रत्येक महिन्याच्या न भरलेल्या पोटगीसाठी जास्तीत जास्त एक महिना, किंवा पैसे भरेपर्यंत, यातलं जे आधी होईल ते. हा क्रम कलमाच्या शब्दांतच आहे. त्यामुळे थेट अटक वॉरंट निघालं असेल, तर त्यावर वकील हरकत घेऊ शकतात.

आता ‘महिनाभर बसेन’वाल्यांसाठी. कुलदीप कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऐंशीच्या दशकाच्या शेवटीच स्पष्ट केलं की, तुरुंग हे वसुलीचं साधन आहे, कर्जफेड नव्हे. आत राहून आलेला माणूस बाहेर येतो तेव्हा थकबाकी जिथल्या तिथे असते. पुन्हा अर्ज, पुन्हा वॉरंट होऊ शकतं.

पण त्यासाठी माणूस सापडायला हवा. नालासोपाऱ्याच्या पत्त्यावर गेलेलं वॉरंट ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. खोली बदललेली असते, सिम बदललेलं असतं. चाकरमानी गावात हमखास दिसणार तो गणपतीत आणि शिमग्याला, म्हणजे वर्षातले पंधरा-वीस दिवस. कायद्याने आदेशाची अंमलबजावणी तो जिथे असेल तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडूनही करून घेता येते. पण तो कुठे आहे हे आईला ठाऊक असेल, तर ना!

पत्त्याइतकाच अवघड प्रश्न उत्पन्नाचा. ‘मला कामच नाही’ हे उत्तर सगळ्यांचं पाठ असतं. याच मुद्द्यावरचा गाजलेला निकाल आपल्याच राज्यातून गेलेल्या प्रकरणात आला, तो म्हणजे ‘रजनेश विरुद्ध नेहा’. २०१३ च्या जानेवारीत, बाळंत होऊन थोडेच दिवस झालेली पत्नी सासर सोडून गेली. सप्टेंबरमध्ये तिने अंतरिम पोटगी मागितली. कौटुंबिक न्यायालयाचा आदेश आला ऑगस्ट २०१५ मध्ये: पत्नीला महिना १५ हजार, मुलाला आधी पाच आणि नंतर दहा हजार. पती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, २०१८ मध्ये हरला. मग सर्वोच्च न्यायालय. तिथला निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा. तान्हं बाळ तोवर प्राथमिक शाळेत जाण्याच्या वयाचं झालं होतं, आणि भांडण अजून अंतरिम पोटगीचंच होतं. साठ दिवसांचं काय झालं, ते विचारू नका.

निकालाने दिलं मात्र पुष्कळ. न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांनी देशभरासाठी नियम घालून दिला की, दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं यांचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं. खोटं लिहिलं तर कारवाई. पोटगी आदेशाच्या नव्हे, अर्जाच्या तारखेपासून मिळणार. पोटगीच्या आदेशाची वसुली दिवाणी न्यायालयाच्या पैशांच्या हुकूमनाम्यासारखीही करता येईल. म्हणजे एका वर्षाची अट आड आली, तरी सगळेच दरवाजे बंद होत नाहीत.

बापाची बाजूही बघू, कारण सगळेच लबाड नसतात. कंत्राट संपतं, अपघात होतो, कंपनी बंद पडते. अशा वेळी रक्कम कमी करून मागायचा रस्ता कायद्यात आहे, नव्या संहितेचं कलम १४६. पण तो अर्ज स्वतः करावा लागतो, तोही थकबाकीचा डोंगर होण्याआधी. ‘परवडत नाही’ हे मनातल्या मनात ठरवून पैसे थांबवले, तर जुना आदेश जसाच्या तसा चालू राहतो. वॉरंट निघाल्याचं कळलं तर लपून राहण्यासारखा वाईट सल्ला नाही. वकील घेऊन आपणहून हजर व्हावं, जमेल तेवढी रक्कम भरावी, उरलेल्या रकमेचे हप्ते मागावेत आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. मित्राच्या हाती पाठवलेली रोख रक्कम न्यायालयात सिद्ध होत नाही, बँकेतून किंवा यूपीआयने पाठवलेली होते. आणि ‘ती मुलाला भेटू देत नाही, मग मी कशाला देऊ?’ हे कारण चालत नाही. भेटीसाठी वेगळा अर्ज करता येतो. मुलाचं जेवण त्यावर अडून राहू शकत नाही.

अमेरिकेत मुलाच्या पोटगीची रक्कम बहुतेक प्रकरणांत मालकच पगारातून कापून पाठवतो, आणि थकबाकी अडीच हजार डॉलरच्या वर गेली की पासपोर्ट मिळत नाही. तिथेही तुरुंग आहेच, पण आधी पगाराला हात घातला जातो. आपल्याकडे असं काही नाही असं नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्यात, आदेश पाळला नाही तर न्यायालय मालकाला सांगून पगारातून रक्कम थेट वळवू शकतं. अडचण अशी की, रोजंदारीवरच्या, रिक्षा किंवा टेम्पो चालवणाऱ्या माणसाला ‘मालक’ म्हणावा असा कुणी नसतो. तरीही ज्यांना पगारपत्रक आहे त्यांच्याबाबतीत माणूस शोधत फिरण्यापेक्षा पगार शोधणं सोपं. यूपीआय आणि आधारच्या काळात सरकारला कर चुकवणारा सापडतो, मग पोटगी चुकवणाराच नेमका कसा सापडत नाही?

आता तुमच्या वयाचा मुद्दा. कलम १४४ खाली मुलाची पोटगी अठराव्या वर्षापर्यंत. शारीरिक वा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःचं पोट भरता येत नसेल, तरच पुढे. म्हणजे बारावी संपून प्रवेशाची फी भरायची वेळ येते, नेमकी त्याच सुमारास. मुलींसाठी आणखी एक वाट आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० नुसार स्वतःचा खर्च भागवू न शकणारी अविवाहित मुलगी अठरानंतरही वडिलांकडे निर्वाहखर्च मागू शकते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ‘अभिलाषा विरुद्ध प्रकाश’ प्रकरणात हे पुन्हा सांगितलं. त्यासाठी अर्ज वेगळा करावा लागतो, जुन्या पोटगीच्या फाइलमध्ये ते होत नाही. त्याच वयाच्या मुलाला ही सोय नाही. अठराच्या आधीची थकबाकी मात्र वाढदिवसाने पुसली जात नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जाता येतं. महिला आणि अठरा वर्षांखालची मुलं यांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. जाताना आदेशाची नक्कल, पासबुक, आणि शेवटचे पैसे कोणत्या महिन्यात आले त्याची नोंद सोबत ठेवा. एका वर्षाचा हिशेब तिथूनच सुरू होतो.